ताजा सांबार

“कोथिंबीर द्या एक जुडी,” मी म्हणाले.

“काहून बाई, तुमी नागपूरच्या नाही का?” भाजीवाली हसली. “सांबार म्हना नं!”

जुडीचा ओला वास आला आणि बारा वर्षांपूर्वीचा, मुग्धाचा अमेरिकेतला फोन कानात वाजला. थँक्सगिव्हिंगला तिच्या सासरची माणसं जेवायला येणार होती, बेत सांबारवडीचा. “आई, यादीत सांबार लिहिला, तर तुझा पुणेकर जावई सांबार मसाला घेऊन आला!” ती खो-खो हसत होती. मीही हसत म्हणाले, “मग तूच जा वं, ताजा पाहून आण.”

ती लगेच निघाली, ती परतलीच नाही. वाटेत गाडीवर ट्रक आदळला.

तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

“नाही,” मी भाजीवालीला म्हणाले, “मी पुण्याची.”