खरी की सवयीची?

डब्याचं झाकण उघडण्याआधी आमचे सर पोटावर हात ठेवायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "खरी की सवयीची?" भूक खरी आहे असं पटलं तरच घास घ्यायचे. शिपायाने वडा आणून ठेवला तरी तेच. तो वैतागायचा, "सर, वडा गरम आहे. पोटाची तपासणी नंतर करा!"

वसईच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवायचे, मी त्यांच्या प्रयोगशाळेची सहायक. ते भुईगावचे, मी फुलपाड्याची. माझ्या याद्यांवरून त्यांनी माझं नाव 'यादीबाई' ठेवलं होतं. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेलच.

भूक माणसाला कशी हलवते, हा त्यांचा जन्माचा विषय. निवृत्तीच्या वर्षी त्यांना एकच गोष्ट सिद्ध करायची होती: घड्याळ नसलं तरी पोटाला जेवणाची वेळ कळते. त्यासाठी वीस मुलं सकाळपासून वर्गात बसवली. मी अधूनमधून कागद वाटायचे. भूक किती, शून्य ते दहा, एवढंच लिहायचं. तयारीची यादी अर्थात माझी. भिंतीवरचं घड्याळ काढलं, मनगटावरची काढली, मोबाइल जमा, पडदे ओढले, कॅन्टीनकडचं दार बंद. सगळ्यावर खुणा.

तीन दिवस लागोपाठ, बारा वाजले की सगळ्यांचे आकडे एकदम वर! सर टाळ्या पिटायचे. "बघा यादीबाई, पोटाला घड्याळ आहे!" ते शोधनिबंध लिहायलाही बसले.

चौथ्या दिवशी कागद वाटताना माझ्या कानांवर पडली ती चर्चची बाराची घंटा.

दोन दिवस मी गप्प राहिले. सरांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. पण यादीतून काही सुटलं की मला घास गोड लागत नाही.

"सर, घंटा राहिली."

"कुठली घंटा?"

गावात काय, कॉलेजात काय, जन्मभर ऐकलेली. म्हणून त्यांना ती ऐकूच येत नव्हती. मुलंही इथलीच. फुलपाड्याची मी एकटीच, म्हणून मला ती खटकली.  सर उठून थेट फादरांकडे गेले. "एक दिवस अर्धा तास उशिरा वाजवाल?"

फादर म्हणाले, "वाजवतो. पण सर, त्या घंटेवर मीच जेवायला उठतो हो!"

त्या दिवशी आकडे साडेबाराला चढले. निकाल सांगायला गेले तर सर नुकतंच डब्याचं झाकण काढत होते. त्यांनी मी परत बांधलेल्या घड्याळाकडे पाहिलं, मग रोज बाराला उघडणाऱ्या डब्याकडे, आणि ठसका लागेपर्यंत हसले. "माझं पोटसुद्धा फितूर निघालं!"

जुना निबंध फाडून त्यांनी उलटा लिहिला. आभारात माझं नाव आलं, तेही 'यादीबाई' म्हणूनच.

यंदा सर गेले. त्यांच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी भुईगावला गेले होते. मिस्सा संपून बाहेर उभी होते, तोच बाराची घंटा झाली आणि माझं पोट मोठ्याने गुरगुरलं. मी ओशाळले. शेजारी सरांच्या पत्नी होत्या. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला.

"खरी की सवयीची?"

"सवयीची," मी म्हटलं.

"मग घरी चला. सकाळी सवयीने त्यांच्याही भाकऱ्या टाकल्यात मी."