टिपाडाचा ठेका

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या कार्यक्रमात आमच्या बँडचा जनरेटर बंद करण्यात आला. दुपारची वेळ होती. आमच्या तिसऱ्या अल्बममधले पहिले गाणे नुकतेच सुरू झाले होते. मी ऑक्टोपॅडवर होतो.

आम्ही चौघे होतो : कीबोर्डवाला, बँजोवाला, लॅपटॉप सांभाळणारा आणि मी. सगळे दिंद्रुडच्या आसपासचे. गाणारे कोणी नव्हते. लोकांना नाचवणे एवढेच काम. पहिला अल्बम गेवराईत एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत झाला. त्यात पुण्याच्या डीजेंचे ठेके उतरवून घेतले होते. तो वरातींत वाजला. कोणाचा आहे, हे कोणी विचारले नाही.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी गावात टँकर सुरू झाला होता. रिकाम्या लोखंडी टिपाडात पाण्याची पहिली धार पडते तेव्हा येणारा आवाज कीबोर्डवाल्याने मोबाइलवर घेतला. टिपाड भरत जाते तसा तो चढत जातो. मी तो पॅडवर बसवला, खाली हलगी ठेवली. हा अल्बम आम्ही दिवाळीत काढला. ती चूक होती. दिवाळीपर्यंत आमची निम्मी गावे ऊसतोडीला गेलेली असतात. आमचे आईवडीलही ऊसतोडीच्या टोळ्यांत होते. नाचणारेच गावात नव्हते.

म्हणून तिसरा अल्बम दसऱ्याआधी काढला आणि मेमरी कार्डांवर भरून टोळ्या नेणाऱ्या ट्रॅक्टर ड्रायव्हरांना वाटला. मिक्सिंगही ट्रॅक्टरवर केले. इंजिन चालू ठेवायचे, गाणे लावायचे, जे ऐकू येत नाही ते काढून टाकायचे. आधी बेस गेला. मग कीबोर्डचे बहुतेक सूर गेले. कीबोर्डवाला दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. उरले टिपाड, हलगी आणि बँजोची एक ओळ. ते इंजिनावरून ऐकू येत होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कारखान्याच्या एका संचालकांनी आम्हाला बोलावले. पुढच्या अल्बमचा खर्च कारखाना करील, हंगामभर कार्यक्रमही देऊ, असे ते म्हणाले. अट एकच होती.

"ते टिपाड बंद करा. पाहुण्यांपुढं टँकर कशाला आणायचा बे?"

"दादा, टँकर आमी न्हाई आणला," बँजोवाला म्हणाला. "तो आला म्हणून वाजिवला."

"लई शाना हायस."

"टिपाड काडलं तर आमी कशाला? पुण्याचा डीजे बोलवा की."

"तो लई पैसे घेतो," संचालक म्हणाले आणि स्वतःच हसले.

आम्ही होकार दिला नाही. बाहेर आल्यावर कीबोर्डवाला म्हणाला, "एक दिवस फिल्मी वाजवू की. कोण मरतंय?"

"मग उद्या तू एकटाच वाजव," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. पाहुणे बसले. मी पहिला ठोका टिपाडाचा दिला. संचालकांनी हात वर केला आणि कोणीतरी जनरेटर बंद केला. पॅड, लॅपटॉप, कीबोर्ड सगळे गेले. स्वागताचे भाषण करायला संचालक माइकपाशी आले. माइकही त्याच जनरेटरवर होता.

फाटकाबाहेर टोळ्यांचे ट्रॅक्टर रांगेत उभे होते. त्यातल्या एका ड्रायव्हरने कार्ड लावले. मग मागच्यानेही. दोन्हीकडचे ठेके जुळत नव्हते. ट्रॉल्यांवरून माणसे उतरली आणि नाचू लागली. कोयते ट्रॉलीतच राहिले. कारखान्याच्या माणसाने ट्रॅक्टर हलवायला सांगितले. एकही हलला नाही.

त्या हंगामात कारखान्याने आम्हाला पुन्हा बोलावले नाही. चौथा अल्बम आम्ही पुढच्या दसऱ्याआधी काढला. त्यात कीबोर्ड नाही. टिपाड खरे आहे, आणि ते कीबोर्डवाल्याने वाजवले आहे.