ओपन वार्डातला माहा अर्ज

भाऊनं माह्या अर्जावर चहाचा कप ठेवला. नगरपरिषदेच्या इलेक्शनसाठी त्यायच्या पार्टीच्या तिकिटाचा अर्ज. पोरीकडून चांगल्या अक्षरात लिहून घेतला होता. कपाचा गोल डाग बरोबर माह्या नावावर पडला.

"अवं बाई, वार्ड यंदा ओपन झाला. ओपनमध्ये तुमच्या लोकायचं काय काम? राखीव निघन तवा पाहू."

मी उभीच होती. बाजूची खुर्ची रिकामी होती, पण कोणी बस म्हटलं नाही.

मी बुटीबोरीच्या सूतगिरणीत कामाले जाते. पंधरा वर्षं भाऊच्या पार्टीसाठी वस्ती मीच सांभाळली. कोण मेलं, कोणाची पोरगी सासरी गेली, कोणाचं नाव कोणत्या यादीत, सारं मले पाठ. मतदानाच्या सकाळी रातपाळी करून आलेल्या बायायले घरी न जाऊ देता सरळ बूथवर नेत होती. भाऊची माणसं निवडून येत. मी पुन्हा गिरणीत.

ओपनमध्ये कोणालेही उभं राहता येते. कायदा तसाच हाय. पार्टीचा रिवाज येगळा. ओपन त्यायचं, राखीव तेवढं आमचं. पंधरा वर्षं राबून मले हे कळलं नाही, अशी येडी मी.

सोफ्यावर ठेकेदाराचा लेक बसला होता. महिन्याआधी पार्टीत आलेला.

भाऊ म्हणे, "इलेक्शनले पैसा लागते. तुह्यापाशी हाय का? यायले तिकीट देऊन राहिलो. उद्या यायले वस्ती फिरवून दाखव."

भाऊच्या तोंडात पैसा होता, पोटात जात. आमच्या वस्तीतल्या नाल्या साफ करायचा ठेका या लेकाच्या बापाकडं. नाल्यात उतरला माहा बाप. काचेनं पाय कापला, सडला, त्यातच गेला. बंगला यायचा झाला. आता म्हणतेत, तुमच्यापाशी पैसा नाही. काहून नाही, हे कोणी इचारत नाही.

मी कप उचलून बाजूले ठेवला. अर्ज घेतला.

"नाही फिरवत," मी म्हटलं.

"मंग तुले कोण इचारते वं?" भाऊ हसले.

हसू द्या. मी अपक्ष फॉर्म भरला. वस्तीतल्या गिरणीच्या बायायनं सूचक म्हणून सह्या दिल्या. निवडून येईन का, माहीत नाही. पण ठेकेदाराचा लेक हात जोडून वस्तीत येईन तवा मी त्याच्या मागं मागं फिरन. दर दारात त्याले इचारन, माहा बाप कशानं मेला ते सांग. यंदा नाही पडला तर पुढच्या खेपेले पाडीन. भाऊ, तुमची माणसं मीच निवडून आणत होती. त्यायले पाडल्याशिवाय मी मरत नाही.