वादी अदाईच्या परसातलं गार पाणी

रत्नागिरीतल्या एका दैनिकात मी काही वर्षं जिल्हा पान लावत होतो. गावोगावच्या वार्ताहरांकडून भानामतीच्या, आपोआप पेट घेणाऱ्या कपड्यांच्या, विहिरीतल्या आवाजांच्या बातम्या यायच्या. त्यातल्या बहुतेक मी टोपलीत टाकायचो. उरलेल्यांत ‘असे ग्रामस्थांचे म्हणणे आहे’ एवढं घालून चार ओळींत आटपायचो. अशा बातमीची नीट चौकशी केली की मागे एखादा माणूस सापडतो, आणि बहुतेकदा तो घरातलाच असतो, हे मी त्या खुर्चीत शिकलो. आजही माझं मत तेच आहे. तरीही २०१५ च्या मे महिन्यात मस्कतमध्ये आमच्या घरी जे झालं ते इथे लिहितो आहे, कारण तो माणूस मला अजून सापडलेला नाही.

आम्ही तेव्हा वादी अदाईत राहत होतो. रुवीहून अमरातकडे जाताना दोन्ही बाजूंनी काळे, उघडे डोंगर जवळ येतात, तिथली वस्ती. मी शहराच्या गाला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत कागदपत्रांचं काम बघायचो, बायको स्मिता रुवीत अकाउंट्समध्ये होती, मुलगी आर्या दुसरीत. तळमजल्याचं घर. स्वयंपाकघराच्या मागे छोटंसं परस, त्याला माझ्या डोक्याच्या वर जाणारी भिंत. भिंतीत एक लोखंडी दार होतं, डोंगराच्या बाजूला. घरमालकाने ते कधीच वेल्ड करून बंद केलेलं. खाली फक्त वीतभर फट. म्हणजे परसात जायचं तर आमच्या स्वयंपाकघरातूनच. दुसरा रस्ता नाही.

एप्रिलमध्ये आई व्हिजिट व्हिसावर आली. बाबा गेल्यापासून ती संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी एकटीच राहते. इथल्या उन्हाळ्यात मे सुरू झाला की लोक गीझर बंद करतात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळाखाली हात धरवत नाही. बंद गीझरमध्ये, एसीच्या गारव्यात थांबलेलं पाणी तेवढं अंगावर घेता येतं. म्हणून लाल खुणेचा नळ गार आणि निळ्या खुणेचा गरम.

“तुमच्या देशात सगळंच उलटं,” आई म्हणाली. “बाहेर जनावरं कशी जगतात मग?”

दुसऱ्या दिवशी तिने एक जुनी स्टीलची परात परसात ठेवली आणि त्यात लाल नळाचं पाणी ओतलं. दोन-तीन दिवसांत गिऱ्हाइकं लागली. सकाळी तित्तिरांची जोडी भिंतीवरून उतरायची. मुठीएवढा एक काटेरी प्राणी दाराच्या फटीतून यायचा, आर्याने त्याचं नाव हेजहॉग असल्याचं जाहीर केलं. आणि मग सूर्य डोंगराआड गेला की एक कोल्हीण. बारीक, मोठ्या कानांची, वाळूच्या रंगाची.

“आजी, फॉक्स पाणी पितो… पिते… शी इज सो थिन,” आर्या खिडकीला नाक लावून सांगायची.

“पोरं असतील तिची. आंचळं बघ,” आई म्हणायची.

मला हे आवडलं नाही. इथल्या कोल्ह्यांत रेबीज असतो, आणि घरात सात वर्षांची मुलगी. मी आईला सांगितलं, पाणी ठेवायचं नाही.

“पाण्याला साप येतील, फुरसंही येईल,” मी म्हटलं.

“फुरशाचं मला शिकवू नको, बाबू. तुला पायातल्या चपला कळायच्या आधीपासून मी फुरशात वावरतेय.”

पण ती फार वाद घालणारी बाई नाही. मी परात पालथी घातली, तिने बघितलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो. पारा पंचेचाळीसच्या पुढे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो तर परात सरळ, काठोकाठ भरलेली. मी बाहेर गेलो. स्टीलच्या काठाला चटका बसला. आतलं पाणी मात्र गार होतं — कोमट नाही, गीझरच्या पाण्यासारखंही नाही, गार. मिनिटा-दोन मिनिटांपूर्वी फ्रिजमधून काढून ओतलं असेल तसं.

आई पलंगावर पडून आर्याची स्कूलबस यायची वाट बघत होती.

“आई, पाणी का ठेवलंस?”

“मी नाय ठेवलं.”

“मग कोणी ठेवलं?”

“तुझ्या घरात कोण कोण आहे ते तुलाच माहीत.”

मी हसून सोडून दिलं. पण ते रोज होऊ लागलं. मी पालथी घालायचो, दुपारी ती भरलेली असायची. मी माझ्या सवयीप्रमाणे एकेक शक्यता तपासली. एसीच्या पाण्याचा पाइप परसाच्या दुसऱ्या टोकाला, त्याखाली बादली, बादलीतलं पाणी तेवढंच. वरच्या मजल्यावरून कोणी ओतलं तर शिंतोडे उडतील; आजूबाजूची धूळ कोरडी. आणि पालथी परात वरून सरळ करता येत नाही. म्हणजे कोणीतरी स्वयंपाकघरातून बाहेर जात होतं. त्या वेळी घरात फक्त आई असायची.

मी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला कुलूप आणून लावलं. चावी स्मिता पर्समध्ये घालून ऑफिसला न्यायची. त्या दिवशी दुपारी मी खिडकीतून बघितलं. परात भरलेली होती आणि कडेला तित्तिरं बसली होती.

“कुलपाच्या दोन चाव्या असतात,” स्मिता फोनवर म्हणाली. “दुसरी कुठेय?”

“मला वाटलं तुझ्याकडे आहे.”

“माझ्याकडे एकच दिलीस तू.”

दुसरी चावी पाकिटाबरोबर कचऱ्यात गेली असेल असं मी धरून चाललो. स्मिताने तसं धरलं नाही. त्या संध्याकाळी ती आईच्या बॅगेची चेन बंद करताना मला दिसली. आईलाही दिसली.

“सापडलं काय?” आईने विचारलं.

“तुमचा नॅपकिन शोधत होते, आई.”

“नॅपकिन माझ्या खांद्यावर आहे.”

त्याच आठवड्यात एका दुपारी आई स्वयंपाकघरात, मागच्या दाराला टेकून बसलेली मला सापडली. चेहरा लाल, बोलणं जड. तिला बीपी आणि साखर दोन्ही आहे. जवळच्या क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरांनी सलाइन लावलं.

“माताजी धूप में गया था क्या?” त्यांनी विचारलं.

“नाय गेले,” आई मराठीतच म्हणाली.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. अंगात ऊन शिरलंय, म्हणाले. गेलेलं आठवत नसेल तर जास्त काळजीचं आहे. या वयात असं सुरू होतं, त्यांना एकटं ठेवू नका.

मी चिपळूणला ताईला फोन केला. ताई म्हणाली, “मावशीचंही असंच सुरू झालं होतं. केलेलं आठवायचं नाही, आणि विचारलं की चिडायची.”

दिवसभर घरी थांबणं मला किंवा स्मिताला शक्य नव्हतं. ठरलं ते असं: आईचं तिकीट अलीकडचं करायचं. ताई तिला मुंबईहून थेट चिपळूणला नेईल. गावचं घर बंद. पुढचं पुढे बघू.

मी ते आईला सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

“म्हणजे मी खुळी झाले असं तुमचं ठरलं.”

“तसं नाही. तुझ्या तब्येतीसाठी…”

“घराला कुलूप घालणार. शेजारी बांधून आलेय ती गाय विकणार. आणि मी ताईच्या फ्लॅटात टीव्ही बघत बसणार, मरेपर्यंत.” एक भेंडी संपली, तिने दुसरी घेतली. “एक काम कर. जायच्या आधी एक दिवस मला इथून बाहेर घेऊन जा. सगळे जाऊ. घर बंद कर. परातीवर काय ठेवायचं ते ठेव. मग येऊन बघू.”

मला ही मागणी वाजवी वाटली. खरं सांगायचं तर माझी खात्री होती — परात पालथीच राहील, आणि मग आईलाच पटेल.

ऑफिसातला एक ओमानी सहकारी किनाऱ्यावरच्या सहम गावचा. तिथे त्याच्या घरच्यांची शेती आहे. आंबे झालेत, फॅमिली घेऊन ये, असं तो दर वर्षी म्हणायचा. शुक्रवारी सकाळी निघालो. निघण्याआधी मी परात पालथी घातली, वर सिमेंटचा ब्लॉक ठेवला, मोबाइलवर फोटो काढला. कुलूप लावलं आणि चावी या वेळी माझ्या खिशात ठेवली. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

सहमचा दिवस चांगला गेला, हे नमूद करायला हवं. आईने आमराईतल्या प्रत्येक झाडाखाली जाऊन मान वर करून बघितलं. फळ हातात घेऊन हुंगलं.

“वास आहे. पण आपल्यासारखा नाय,” तिने निकाल दिला.

सहकाऱ्याच्या आईला मराठी येत नव्हती, आईला अरबी. दोघी चटईवर बसून गुडघ्याच्या दुखण्यावर तासभर बोलल्या. नातवंडांची नावं, कोणता मुलगा कुठे असतो, सगळं आईने परतताना गाडीत मला सांगितलं. एकही नाव चुकली नाही. विसरणाऱ्या बाईचं हे लक्षण नाही, असं स्मिता मागच्या सीटवरून हळू म्हणाली.

ऊन उतरायच्या आत घरी पोचलो. पुढचं दार बंद होतं तसंच. मागचं कुलूपही तसंच. मी ते उघडलं.

परात सरळ होती. काठोकाठ भरलेली. ब्लॉक भिंतीशी, कुणी मुद्दाम बाजूला करून ठेवावा तसा उभा. तित्तिराची मादी सात-आठ पिल्लं घेऊन कडेने पीत होती. आम्हाला बघून पिल्लं ब्लॉकमागे पळाली. खालच्या धुळीत पाखरांचे पाय होते, कोल्हिणीचे पंजे होते, सकाळचे माझ्या चपलांचे ठसे होते. दुसऱ्या कुठल्याही माणसाचे नव्हते. मी पाण्यात हात घातला आणि काढून घेतला. बोटं बधिर व्हावीत इतकं गार.

आईनेही हात घातला. “आपल्या गावच्या विहिरीचं आहे,” ती म्हणाली. मग पदराला हात पुसून माझ्याकडे वळली. मला वाटलं होतं ती म्हणेल, बघितलंस? तिचा आवाज अगदी साधा होता.

“कोणाला सांगून गेला होतास?”

“म्हणजे?”

“मी इतके दिवस गप्प राहिले. म्हटलं, तूच भरत असशील. नाहीतर ही. मला वेड्यात काढायचं, ताईकडे पाठवायचं, गावचं घर मोकळं करायचं. त्या दिवशी दाराशी बसले ती कोण येतंय ते बघायला. खिडकीतून ऊन अंगावर येत होतं तरी उठले नाही. डोळा कधी लागला कळलं नाय.”

“आई, आज तर आम्ही सगळे तुझ्याबरोबर होतो.”

“हो. म्हणून विचारते, भरायला कोणाला सांगून गेला होतास?”

स्मिता रडायला लागली. आर्या कोणाकडे बघावं ते न कळून म्हणाली, “बट आजी, वुई वेअर ऑल इन द कार.” आईने तिला जवळ घेतलं.

तिकीट मी पुन्हा मूळ तारखेवर नेलं. ताईला सगळं कळवलं. ती म्हणाली, “मग एवढे दिवस तुम्हीच कोणीतरी भरत होता ना?” मी नाही म्हटलं. तिने विषय बदलला.

त्या शुक्रवारनंतर परात पुन्हा कधी भरली नाही. दोन दिवस आम्ही बघितलं. तिसऱ्या दिवशी आईने कोणाला न विचारता लाल नळाचं पाणी स्वतः भरलं, आणि मी परात पालथी घातली नाही. माझा हिशेब असा होता की ती निर्दोष ठरली आणि प्रकार थांबला. तिचा हिशेब असा की पकडले जाऊ म्हणून आम्ही थांबलो. दोन्ही हिशेब तितकेच बरोबर बसतात. जूनच्या सुरुवातीला ती गेली. गावी एकटी राहते, गाय आहे, ग्रामपंचायतीत जाऊन भांडते, डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. ओमानला मात्र पुन्हा आली नाही. पुढे माझी बदली होऊन आम्ही मस्कत सोडलं, तोवर तिला तीनदा बोलावलं होतं.

माझ्याकडे आता एकच नाव उरतं. दुसरी चावी गेली कुठे हे कधीच कळलं नाही, आणि दुसरी चावी असल्याची आठवण पहिल्यांदा स्मिताने काढली होती. आई जावी असं तिला वाटत असेल, तर सुरुवातीच्या दिवसांचं उत्तर मिळतं, पण सहमच्या शुक्रवारचं मिळत नाही. त्या दिवसाने तर आईला वाचवलं. आई राहावी असं वाटत असेल, तर नेमकं उलटं. धुळीत ठसे नव्हते, त्याचं उत्तर कशातच नाही. पाणी इतकं गार कसं, त्याचंही नाही.

तेव्हापासून आजवर मी स्मिताला सरळ विचारलेलं नाही. विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि मी तिला ओळखतो, ते खरं असेल. मग संशय घ्यायला माझ्याकडे कोणीच उरणार नाही.