दत्ता मोहित्याचं टाकं

"नीचे आओ! ऊपर कुछ नहीं है! खलास!" शेरदिल बलुच दोन्ही हात तोंडाशी धरून खालून ओरडत होता आणि वर एका खडकाला पालीसारखा चिकटलेला दत्ता मोहिते अस्सल भोरच्या मराठीत उलट ओरडत होता, "आरं, पण तू आलायस का कधी वर?" बलुच माणसाला हे मराठी कसं कळलं देव जाणे, पण शेरदिलनं तोंडाजवळचे हात खाली घेतले. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "नहीं साब, मैं तो कभी नहीं गया." त्या दोघांच्या आरडाओरड्यानं डोंगरातल्या रानबकऱ्या घाबरून सीमेपलीकडे ओमानात पळाल्या आणि तिथल्या चौकीवर त्यांना व्हिसा विचारला गेला, असं मी पुढे दहा वर्षं प्रत्येक पार्टीत सांगत आलो. बकऱ्यांचं खोटं आहे. बाकी सगळं खरं. आजवर असा हिशेब देण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ऐकणारे हसत होते आणि दत्ता शेजारी बसून "थापाड्या आहे हा, पण मनाचा चांगला आहे" असं सर्टिफिकेट देत होता. आता ते द्यायला तो नाही. काही आठवड्यांपूर्वी, भर उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी, त्याच डोंगरावर दत्ता वारला.

शेरदिल ज्या रेस्टहाऊसचा रखवालदार, ते फुजैराकडे जाणारा मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेनं बरंच आत गेल्यावर, एका कोरड्या ओढ्याच्या काठावर आहे. दगडी भिंती, खजुराच्या खोडांचं छत, पुढे लांबलचक व्हरांडा. कुणी म्हणे एका इंग्रज सर्वेक्षकानं बांधलं, कुणी म्हणे शेखांकडे शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मी सांगताना दोघांनाही एकाच खोलीत झोपवत असे. भोवतालचा डोंगर सरकारनं रानबकऱ्यांसाठी राखून ठेवलेला, त्यामुळे एक फाटक, एक गंजलेली पाटी आणि शेरदिल. आणि वर, अगदी माथ्यावर, आभाळात खुपसल्यासारखा एक गोल, अर्धा ढासळलेला बुरूज. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दुबईतली काही मराठी कुटुंबं पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा बाकीच्या सगळ्यांनी खाली गालिचे अंथरले, पुलावाचे डबे उघडले, शेरदिलनं काळा सुलेमानी चहा आणला. दत्तानं त्या बुरुजाकडे पाहिलं आणि त्याच्या हातातला डबा तसाच राहिला. भोरच्या माणसाला बारा महिने तेरा काळ गड दिसत असतो. नोकरीच्या जागी, रुवैसच्या सपाट वाळवंटात, जिथे उंच म्हणावं असं फक्त कारखान्यांच्या चिमण्या आणि गॅस जाळणारे फ्लेअर, तिथे दोन वर्षं काढलेल्या त्या माणसाला अचानक बुरूज दिसला होता. "गड आहे हा," तो म्हणाला. "म्हणजे टाकं असणार."

टाकं म्हणजे काय, हे सह्याद्रीत चढलेल्या वाचकांना सांगायला नको. न चढलेल्यांसाठी सांगतो. आपल्या गडांवर कातळ खोदून केलेली पाण्याची टाकी असतात. चैत्रातसुद्धा त्यांत पाणी असतं. वरचं शेवाळ हातानं बाजूला सारायचं, रुमालातून गाळायचं आणि प्यायचं. म्हणून आपल्याकडचा जुना गडी डोंगर चढताना एकच बाटली भरून घेतो नि बाकीच्या रिकाम्या नेतो. पाण्याचं ओझं वर वाहून नेणारा म्हणजे नवखा. दत्ता नवखा नव्हता. रोहिड्यावर, राजगडावर तो लहानपणापासून असाच गेलेला. आणि गंमत बघा, नोकरीही पाण्याचीच. रुवैसला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर तो इन्स्ट्रुमेंटवाला होता. आठवडाभर तिथल्या कॅम्पात, गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीसाठी बुधवारी संध्याकाळी कंपनीच्या बसनं दुबईला, अल मनखूलमधल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, सुनंदावहिनी आणि लेक केतकीकडे. शुक्रवारी सकाळी माझ्या दारावर थाप. "यल्ला, चल."

एकदा व्हरांड्यात बसून मी त्याला विचारलं, तुला त्या टाक्याचं एवढं काय? दत्ता म्हणाला, "इतकी वर्षं इथं खातोय, कमावतोय. पाणी मात्र समुद्राचं गाळून पितोय, तेही मीच गाळलेलं. या मुलखाचं स्वतःचं पाणी एकदा पोटात जायला नको? त्याशिवाय आपण इथं राहिलो असं म्हणायचं कसं?" मी म्हटलं, व्हिसावर शिक्का आहे तसं म्हणायला. तो हसला नाही… क्वचित असं व्हायचं. त्याचा सिद्धांत साधा होता: बुरूज आहे म्हणजे पहारेकरी होता, पहारेकरी होता म्हणजे तो पाणी पीत होता, म्हणजे टाकं आहे. मी म्हटलं, त्याची बायको खालून हंडा नेत असेल. "तेच असणार," सुनंदावहिनी भाजीत चमचा फिरवता फिरवता म्हणाल्या. "वर हे गृहस्थ बुरुजाला टेकून बसलेले, नि खालून ती बिचारी हंडा घेऊन." वहिनींनी ते टाकं कधी मानलंच नाही. रुवैसहून बस उशिरा आली की म्हणायच्या, "टाक्यावरून आलात वाटतं." गिझर बिघडला तर, "तुमच्या टाक्यातलं गरम पाणी असतं का हो?" आणि केतकी, जी वहिनींच्या शिव्यांपासून आजीच्या फोनपर्यंत सगळ्याला इंग्रजीत उत्तर द्यायची, ती कानातला इअरफोन न काढता म्हणायची, "बाबा, देअर इज अ फ्रिज."

वर मात्र दत्ता कधी पोचला नाही. पहिल्या खेपेला शेरदिल आडवा आला. पुढच्या हिवाळ्यात केतकीचा पाय मुरगळला. एका वर्षी अर्ध्या वाटेवर त्याची चप्पल तुटली. मी लोकांना सांगायचो की ती चप्पल घरंगळत खाली आली, फाटकातून बाहेर पडली आणि दुबईला आमच्या आधी पोचली. एकदा तर बुरूज हाताच्या अंतरावर राहिला असं तो शपथेवर सांगायचा, पण वहिनी खालून इतक्या ओरडल्या की त्याला उतरावं लागलं. शेरदिलशी त्याची दोस्ती झाली. सुट्टीवरून येताना तो त्याच्यासाठी भोरच्या तांदळाची पुरचुंडी आणायचा, शेरदिल त्याला झाडाखालची बोरं वेचून द्यायचा. वर जाण्यावरून दोघं दर वेळी भांडायचे आणि दर वेळी पुन्हा चहा प्यायचे.

मग दोन हजार साल उलटलं, आणि आमच्यातल्या एकेकाला ऑफिसातून बोलावणं येऊ लागलं. प्लांटचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं, नवी माणसं आली, दत्ताच्या हातात पत्र आलं. उन्हाळा संपायच्या आत फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी. तो सांगायला माझ्या घरी आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे काहीतरी अचाट बोलणार होतो, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून चहाच ठेवला. "नोव्हेंबरात इथं नसणार मी," तो कपात बघत म्हणाला. एवढंच. आमच्या डोंगरातल्या फेऱ्या दर वर्षी थंडी पडल्यावर, नोव्हेंबरातच सुरू व्हायच्या, तरी त्यातून त्याला काय म्हणायचं होतं ते मला त्या वेळी समजलं नाही. वहिनींना समजलं होतं. त्या शुक्रवारी पहाटे त्यांनी त्याला पिशवी भरताना पाहिलं. चार बाटल्या, एक भरलेली, तीन रिकाम्या. "या उन्हात?" त्या म्हणाल्या. "ऊन चढायच्या आत वर असेन, नि वर भरून घेईन," तो म्हणाला. "निदान दुसरी तरी भरा," असं त्या म्हणाल्या तेव्हा तो हसला म्हणे. जुन्या गड्याला कुणी काठी आणून द्यावी तसं.

आपल्याकडचा उन्हाळा आणि तिथला उन्हाळा यांत नात्याचा संबंधसुद्धा नाही. मी आजवर त्या उन्हाबद्दल वाटेल ते सांगितलं आहे. उंट सावलीसाठी टॅक्सी थांबवतात, कबुतरं चालत जातात, माझ्या बॉसच्या टकलावर अंडं शिजलं. यातलं एकही मी आता सांगणार नाही. तो काळा खडक सकाळीच तापतो आणि दुपारी त्याला हात लावता येत नाही. शेरदिल जुम्म्याच्या नमाजाला खालच्या गावात गेला होता. तो परत आला तेव्हा फाटकाबाहेर दत्ताची गाडी उभी होती. संध्याकाळी शेरदिलचा मला फोन आला. आवाज अगदी शांत होता. "साब, गाड़ी इधर है. आदमी नहीं है."

पोलीस आले, पार्कचे लोक आले, दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. आम्हाला वर जाऊ दिलं नाही. वहिनी व्हरांड्यात बसून होत्या, केतकी त्यांच्या पायाशी. तो बुरुजाजवळ सापडला, म्हणजे शेवटी पोचला होता. तिथूनच त्याला उचलून थेट हॉस्पिटलात नेलं, त्यामुळे आमच्यापैकी कुणालाच माथा दिसला नाही. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. पुढे पोलीस स्टेशनात त्याची पिशवी मिळाली. टोपी, रुमाल आणि चार बाटल्या, चारही रिकाम्या. वहिनींनी त्या टेबलावर एका ओळीत उभ्या केल्या आणि मला विचारलं, "भावोजी, तीन रिकाम्या गेल्या होत्या, चार रिकाम्या आल्या. मधे भरल्या होत्या का हो?" मी एकेक बाटली उचलून तिचं बूच फिरवत बसलो. पाणी मिळालं का त्याला, तहानलेला गेला का पिऊन गेला, एवढंच त्यांना हवं होतं. भोरला सगळं पार पडलं, दिवस झाले, तिथेही लोक भेटायला येऊन रडायचे आणि या मात्र मला बाजूला घेऊन तेच विचारायच्या. घर आवरायला, व्हिसा रद्द करायला दोघी परत दुबईला आल्या तेव्हा सामानाची बांधाबांध बाजूला ठेवून वहिनी म्हणाल्या, "मला तिथं न्या. वर गेलेल्या माणसाला विचारायचंय."

शेरदिलनं आम्हाला पाहिलं आणि चहा ठेवायला गेला. वर जो चढला होता तो पार्कचा एक तरुण अरब अधिकारी, खाकी शर्टातला, मृदू स्वभावाचा. त्याला हिंदी येत नव्हतं. माझं आयुष्य सरकारी खिडक्यांपुढे कंपनीचे कागद घेऊन उभं राहण्यात गेलं आहे, त्यामुळे अरबी मला येतं. वहिनींना "यल्ला" आणि "खलास"च्या पलीकडे येत नाही. मी त्यांचा प्रश्न विचारला. तो मुलगा खूप वेळ बोलला. हातानं बुरुजाची गोलाई दाखवली, मग त्याच्या मागची जागा, मग ओंजळ करून काहीतरी दाखवलं आणि हात मांडीवर पुसले. मी सगळं ऐकून घेतलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"काय म्हणाले?"

आणि मी सुरू झालो. टाकं आहे म्हणाले, वहिनी. बुरुजाच्या पाठीमागे, चांगलं खोल, पायऱ्यासुद्धा आहेत उतरायला. पाणी असं की तळाचा खडा दिसावा. थंडगार. सावलीत असल्यामुळे आटत नाही म्हणाले. दत्ताची ओंजळ ओली होती म्हणाले, मिशासुद्धा. भरपेट प्याला असणार, आणि मग सावलीत टेकला असेल, आणि मग… उन्हानं थकलेलं शरीर, झोप लागली असेल. माझा आवाज मला इतका चांगला कधीच लागला नव्हता. मी तर आणखी दोन कबुतरं त्या पाण्यावर उतरवणार होतो.

"काका, ही डिडन्ट से दॅट," केतकी म्हणाली.

ही मुलगी पहिलीपासून दुबईच्या शाळेत अरबी शिकली होती. तिचा अरबीचा पेपर सोपा जावा म्हणून दत्ता माझ्याकडून शब्द घोकून घ्यायचा तिच्यासाठी, आणि तेच मी विसरलो. ती आईकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. कप ठेवायला आलेल्या शेरदिलच्या हातांकडे बघत होती.

"ही सेड इट वॉज ड्राय, आई. फुल ऑफ सँड. बाबा हॅड बीन डिगिंग."

त्या अरब मुलाला आमची भाषा कळत नव्हती, तरी त्यानं टोपी काढून हातात घेतली. वहिनींनी मान वर करून माथ्याकडे पाहिलं, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरून, बराच वेळ.

"म्हणजे टाकं होतं," त्या म्हणाल्या.