कामावर गेलेले कोयते

शहापुरात आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर सव्वीस खिळे आहेत. प्रत्येक खिळ्याखाली माझ्या शिक्षकी अक्षरात एकेक पट्टी चिकटवलेली आहे: वस्तू कोणती, कुठल्या गावची, अंदाजे किती जुनी. गेल्या माघात कोणी पाहुणा आला असता, तर त्याला पट्ट्या सव्वीस दिसल्या असत्या आणि पाती पाच. जुन्या सुऱ्या-कोयत्यांचा संग्रह करणारी बाई म्हणून मला आसपास ओळखतात. तो संग्रह सध्या कुठे आहे, हे मात्र मलाच लोकांना फोन करून विचारावं लागतं.

याची सुरुवात निवृत्तीच्या वर्षी झाली. घरातला मोडका लोखंडी पलंग विकायला मी आटगावच्या भंगारवाल्याकडे गेले होते. पलंग काट्यावर चढत होता, तेव्हा शेजारच्या ढिगात एक सुरी दिसली. पातं गंजून चॉकलेटी झालेलं, पण मूठ शिंगाची आणि हातात धरून धरून गुळगुळीत झालेली. मी ती उचलली आणि मला ती खाली ठेववेना. तीस वर्षं मुलांना "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका" असं शिकवलेली मी, सुरी घट्ट धरून काट्याशेजारी उभी राहिले. भंगारवाल्याने ती पलंगाच्या हिशेबात धरली. घरी आल्यावर नवऱ्याने माझ्या हातातल्या सुरीकडे बघून विचारलं, "एवढ्या मोठ्या पलंगाचं एवढंच झालं?"

ती सुरी मी हौसेने एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसाने ती मशीनच्या चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या, पातं लखलखलं, कडेला एक निळसर रेघही आली. मला ती फार सुंदर वाटली. दुसऱ्या दिवशी त्या सुरीने टोमॅटो कापला नाही, नुसता चेपला.

कोणीतरी सांगितलं म्हणून मुरबाडला एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेले. त्याने सुरी उन्हात धरली आणि विचारलं, "धार लावली कोणी?"

"मशीनवर लावून घेतली."

"मग धार आली आणि पाणी गेलं," तो म्हणाला. "ही निळी रेघ दिसते ना, तिथपर्यंत जळलंय."

पातं तापवून पाण्यात बुडवलं की त्याला जो कणखरपणा येतो, त्याला लोहार 'पाणी' म्हणतात. मशीनच्या चाकावर पातं तापलं की ते उतरतं, हे मला साठीला आल्यावर कळलं. त्याने सुरीला पुन्हा पाणी दिलं. त्यानंतर वर्षभर मी जमेल तेव्हा एसटीने मुरबाडला जात राहिले. गंज काढायचा तो रॉकेल आणि राखेने, घाई न करता. धार लावायची ती दगडावर, पाणी शिंपडत, पातं गरम होऊ न देता. शेवटी मोहाच्या बियांच्या तेलाचा हात फिरवायचा. एवढं शिकवून तो म्हणाला, "आणि वापरत जा. नुसतं टांगून ठेवलंत तर कितीबी तेल लावा, ते खराबच व्हायचं."

पहिल्या तीन गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. चौथी लिहिली नाही.

मग संग्रह वाढत गेला. शेणवे गावचा एक विळा, कोणाच्या माळ्यावरचा कैऱ्या फोडायचा अडकित्ता, पितळी कड्याच्या सुऱ्या. लोक आनंदाने देत, कारण मी बदल्यात नवीन घेऊन देत असे. नवऱ्याची तक्रार एवढीच होती, की घरात चौदा सुऱ्या आहेत आणि कांदा चिरायला एकही नाही. संग्रहातली सुरी मी कांद्याला लावू देत नव्हते. त्याने बाजारातून हिरव्या प्लास्टिकच्या मुठीची सुरी आणली आणि ती माझ्या नजरेला पडू नये म्हणून चमच्यांच्या खाली ठेवायला लागला.

टोकावड्याचा कोयता मला चहाच्या टपरीमागे दिसला. एक सत्तरीचा शेतकरी लाकडं फोडत बसला होता. कोयत्याचं पातं झिजून झिजून निम्मं राहिलं होतं, पण त्याचा बाक असा होता की मी चहा तसाच ठेवून उठले. त्याच्या वडिलांचा कोयता होता. मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी बाजारातला नवा कोरा कोयता बरोबर नेला.

"बाई, ह्याच्यात काय बघितलंत तुमी?" त्याने विचारलं.

"जुना आहे, बाबा. अशा वस्तू जपून ठेवायला हव्यात."

"मी बी जुना हाय," तो म्हणाला. "मला नेता का?"

अंगणात भात वाळत घालणारी त्याची सून तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, पण कोयत्यावरची नजर काढली नाही. शेवटी त्याने तो माझ्यापुढे धरला. "न्या. तुमी शाळंतली माणसं, सांभाळाल."

मी सांभाळला. आठ दिवस त्याच्यावर काम केलं. लोखंडावरचा जुना काळसर रंग न घालवता फक्त गंज काढला आणि तो भिंतीच्या बरोबर मधल्या खिळ्यावर टांगला.

माघात एका सकाळी म्हातारा दारात उभा. हातात कापडी पिशवी. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं, मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नवा वाकला."

"काय वाकलं?"

"तुमी दिला तो. ऐनाच्या फांदीवर घातला नि वाकला. राब तोडायचाय. आमचा जरा द्या, काम झालं की आणून देतो."

राब म्हणजे भाताची रोपं करायच्या तुकड्यावर पसरून जाळायच्या फांद्या आणि पाला. त्या तोडायला चांगला कोयता लागतो, हे मलाही माहीत होतं. तरी मी म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला दुसरा नवीन घेऊन देते. हा तुम्ही मला दिलात ना? आता तो माझा झाला."

"तुमचाच हाय," तो शांतपणे म्हणाला. "माझा असता तर मागायला कशाला आलो असतो?"

मी उठून मधल्या खिळ्याकडे गेले. कोयता पिशवीत गेला.

चैत्रात कोयता परत आला. पात्यावर चीक वाळलेला, धारेला दोन खांडे पडलेले. म्हातारा म्हणाला, "धार गेली. तुमच्याकडं दगड चांगला हाय म्हणून तसाच आणला." मी पुन्हा आठ दिवस बसले. पुढच्या माघात म्हातारा पुन्हा आला आणि या वेळी चहाच्या आधीच कोयत्याकडे हात केला.

ही गोष्ट त्याने गुपित ठेवली नाही. हळूहळू ज्यांनी ज्यांनी मला पाती दिली होती, ते ते येऊ लागले. भात कापायच्या वेळी शेणव्याचा विळा गेला. कैऱ्यांच्या दिवसांत अडकित्ता गेला आणि त्याच्या मूळ घरातून तो शेजारच्या तीन घरांत फिरून आला. पाऊस सुरू झाला की बहुतेक सगळी पाती माझ्याकडे परत येत, गंजून, बोथट होऊन, कधी मूठ हलायला लागलेली. मी त्यांची डागडुजी करायची, धार लावायची, तेल द्यायचं. दसरा झाला की न्यायला माणसं हजर.

"तू संग्रह नाही केलास," नवरा म्हणाला, "पाळणाघर काढलंस."

नाही म्हणता आलं असतं. पण शेणव्याची बाई विळा परत देताना म्हणाली, "बाईंसारखी धार कोणाची नाय," आणि मी चार दिवस ते वाक्य मनात घोळवत होते. शिकवण्याच्या नोकरीत इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

गेल्या माघात एका शाळेने जुन्या वस्तूंचं प्रदर्शन ठरवलं आणि आदल्या दिवशी माझी पाती मागितली. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं, फोन ठेवला आणि भिंतीकडे वळले. पाच. लगेच टोकावड्याला फोन लावला. सुनेने उचलला.

"बाई, कोयता झाडावर हाय."

"झाडावर म्हणजे?"

"सासरे चढलेत ना. उतरलं की सांगते."

प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होतं. मी किन्हवलीमार्गे टोकावडं गाठलं आणि बांधाने चालत गेले. म्हातारा ऐनाच्या झाडावर होता. एक हात फांदीला, दुसऱ्या हातात कोयता. मनगट थोडं हलायचं, एक छोटा कोरडा आवाज यायचा आणि मनगटाएवढी फांदी खाली यायची. पुन्हा घाव घालावा लागत नव्हता. खाली सून फांद्या गोळा करून भारे बांधत होती. या कोयत्यावरचा एकेक डाग मला माहीत होता. कुठे पातं पातळ आहे, कुठे जाड आहे, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण तो चालताना मी तोपर्यंत एकदाही पाहिला नव्हता. मी बांधावर बसले आणि बराच वेळ बघत राहिले.

तो उतरल्यावर मी म्हणाले, "बाबा, उद्या प्रदर्शन आहे. एका दिवसापुरता द्या."

"न्या की," तो म्हणाला आणि कोयता पुढे केला. मग झाडाकडे बघून साधेपणाने म्हणाला, "मग उद्या मी काय करू?"

मी दोन भारे बांधायला सुनेला मदत केली आणि रिकाम्या हाताने शहापूरला आले.

प्रदर्शनात टेबलावर पांढरी चादर घालून मी पाच पाती मांडली आणि उरलेल्या एकवीस पट्ट्या नुसत्याच. मुख्याध्यापिकेने हळूच विचारलं, "बाकीच्या वस्तू?"

"कामावर गेल्यात."

प्रमुख पाहुण्यांना ते फार आवडलं. भाषणात त्यांनी माझ्या टेबलावर पाच मिनिटं खर्च केली. वस्तू न ठेवता वस्तूची उणीव मांडणं ही केवढी धाडसी कल्पना आहे, असं ते म्हणाले. रिकाम्या जागेकडे मुलांनी बराच वेळ बघावं, असंही सुचवलं. मला प्रमाणपत्र मिळालं. नवरा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता, जरा जास्तच जोरात.

यंदा ज्येष्ठात कोयता परत आला तो सुनेच्या हातून. मी म्हाताऱ्याची चौकशी केली.

"बरं हाय. पण गुडघं गेलं, झाडावर चढवत नाय. औंदा मीच चढले." तिने कोयता माझ्या हातात दिला आणि जरा अडखळत म्हणाली, "बाई, एक काम व्हतं. ह्याची मूठ मला मोठी पडते. घाव घालताना फिरते हातात. जरा बारीक करून द्याल का?"

मूठ शिवणीच्या लाकडाची, सासऱ्याच्या वडिलांनी स्वतः केलेली. संग्रह करणारा माणूस अशा मुठीला बोट लावत नाही. मूळ मुठीला धक्का लागला की वस्तूची किंमत गेली, हे मी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं आहे. तिच्या तळहातावर करंगळीच्या मुळाशी दोन फोड फुटून वाळले होते.

"हात दाखव," मी म्हणाले.

तिच्या पंजाचं माप दोऱ्याने घेतलं, मुठीवर पेन्सिलने खूण केली आणि कानस काढली. अंगणात भुसा पडू लागला. दर थोड्या वेळाने ती मूठ धरून बघायची, हवेत एक हलका घाव घालायची आणि कोयता परत द्यायची.

"अजून थोडी," ती म्हणाली. नवऱ्याने आम्हा दोघींना चहा आणून दिला, आणि मी मूठ पुन्हा मांडीवर आडवी धरली.