चेतनगुणोक्ती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पापनिवेदनाच्या वेळी फादरांनाही नाही. तिथे दर खेपेला दुसरंच काहीतरी, लहानसं, सांगून उठलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. कॅथलिक. खराडीत आमच्या चर्चच्या हॉलमध्ये गुरुवारी दुपारी बायबलचा वर्ग घेत असे. त्या वर्षी विषय होता ईश्वरी ज्ञान. बायबलच्या नीतिसूत्रे या ग्रंथात हे ज्ञान चक्क बाईसारखं बोलतं. डोंगर नव्हते तेव्हापासून मी देवापाशी आहे, त्याच्यासमोर खेळते आहे, असं. मग ही कोण? आमची परंपरा सांगते, हे ज्ञान म्हणजे ख्रिस्तच. आणि मरिया त्या ज्ञानाचं आसन, कारण तिने त्याला मांडीवर घेतलं. रशियाकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकही ख्रिस्तच म्हणतात. पण त्यांच्यातले काही रशियन विचारवंत 'सोफिया, सोफिया' (ज्ञानाचं ग्रीक नाव) करत तिच्या इतके जवळ गेले की त्यांच्याच धर्मगुरूंनी त्यांना दटावलं — त्रैक्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीनच व्यक्ती, चौथी घुसवू नका.

ते दटावणं मला आवडायचं. सगळं कसं जागच्या जागी.

वर्गाला वेराकाकू यायच्या. मूळच्या रशियन. सदाशिव पेठेतले एक इंजिनियर तिकडे शिकायला गेले आणि यांना लग्न करून घेऊन आले. मराठी अशी, की रिक्षावाले वचकून असत. नवरा गेल्यावर त्या खराडीत मुलाकडे, आदित्यकडे, राहायला आल्या. त्यांचं ऑर्थोडॉक्स चर्च जवळपास नाही, म्हणून आमच्याकडे. लहानपणी त्यांनी एक चित्र पाहिलं होतं. सिंहासनावर पंखवाली सोफिया, चेहरा तापलेल्या लोखंडासारखा लाल. "तुमच्या मराठीत तिचं 'ते ज्ञान' झालं हो सर," त्या म्हणायच्या. "नपुंसकलिंगी! निदान प्रज्ञा तरी म्हणा."

त्या दुपारी वर्ग संपला, सगळे गेले. पुण्यातला गुरुवार, म्हणजे दुरुस्तीसाठी वीज गेलेली. पंखे थांबले होते, पडदे ओढलेले होते. काकू मागे थांबून वाद घालत होत्या. मी म्हटलं, "काकू, ही नुसती चेतनगुणोक्ती आहे. जे माणूस नाही त्याला माणसासारखं बोलायला लावायचं. शाळेतला अलंकार."

काकूंनी एकदम कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. चेहरा उजळला. "ऐकलंत? हसली ती."

आदित्य त्यांना न्यायला आला होता, नुकताच दारात पोचला होता. तो म्हणाला, "सर, घरीही ही कोणाशीतरी रशियनमध्ये बोलते. मला काही कळेनासं झालंय. तुम्हीही ते हसू ऐकलं असेल तर मी हिला डॉक्टरकडे नेणार नाही. फक्त खरं सांगा."

काकू माझ्याकडे बघत होत्या — अगदी निर्धास्त. साक्षीदार आपलाच आहे, अशा.

"नाही," मी म्हणालो. "इथे कुणी हसलं नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घे."

मी ऐकलं होतं.

कसं सांगू? मोठं नव्हतं ते. लहान मुलीचं नव्हतं, म्हातारीचंही नव्हतं. आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत ज्याला ते कळलेलं असतं, त्याचं हसू. बाहेरून आलं असेल, असं स्वतःला किती वेळा समजावलं. पण ते दोघे गेल्यावर मी ती खुर्ची आवरायला उचलली आणि हात मागे घेतला. बैठक पोळत होती. त्या कोपऱ्यात ऊन येतच नाही.

मग 'नाही' का म्हणालो? मला धर्मशिक्षकांचा प्रशिक्षक नेमायचं घाटत होतं, हे एक. पण खरं कारण ते नव्हे. मी भ्यालो. ती तिथे असेल, तर मी वर्षभर जे बोललो ते बसून ऐकत होती — आणि तिला हसू आलं. हे मला सोसेना. त्यापेक्षा काकू वेड्या ठरलेल्या मला चालल्या.

औषधं सुरू झाली. काकूंचं रशियन थांबलं, मग हळूहळू मराठीही. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"तुमचंच बरोबर होतं सर," त्या म्हणाल्या. "तिथे कोणी नव्हतं. आयुष्यभर मी कोणाशी बोलत होते, कोण जाणे."

तेव्हा तरी सांगायचं! आम्ही दोघंच होतो. आदित्य आत चहा करत होता. मी म्हटलं, "विश्रांती घ्या, काकू."

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दफनाच्या वेळी आदित्यने मला वाचन करायला सांगितलं. बायबलमधल्या ज्ञानग्रंथातलं, नीतिमानांचे आत्मे देवाच्या हातात असतात ते. मी वाचलं. आवाज स्पष्ट होता, उच्चार शुद्ध होते, एका शब्दालाही अडखळलो नाही.

नंतर फाटकाशी त्याने माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. "सर, त्या दिवशी तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आईवर वेळेत उपचार झाले."

मी म्हणालो, "अरे, कर्तव्यच होतं ते माझं."